पूर्ववत् करण्याचा अधिकार

'झालें गेलें विसरून सर्व कांहीं पूर्ववत् करावें' असें आपण किती सहज म्हणतों! भांडण मिटवितांना म्हणतों, घर शाकारतांना म्हणतों, आणि हल्लीं संगणक बिघडला म्हणजेही म्हणतों. पहिल्या दोन ठिकाणीं हा शब्द लक्षणेनेंच घ्यावयाचा असतो. भांडलेले भाऊ पुन्हा एका पंक्तीस बसले तरी ते भांडणापूर्वींचे भाऊ नसतात, आणि शाकारलेल्या घरावरचीं निम्मीं कौलें नवीं असतात. तिसऱ्या ठिकाणीं मात्र तो अक्षरशः खरा होतो. काल रात्रीं दोन वाजतां जें होतें तेंच, तितकेंच, त्याच रूपांत आज पुन्हा उभें करतां येतें. आणि त्यानंतर जें घडलें तें घडलेंच नव्हतें असें होऊन जातें. इतकी सत्ता मनुष्याच्या हातीं पूर्वीं कधीं नव्हती. ती आज ज्यांच्या हातीं आहे ते बहुधा तरुण, साध्या पगारावरचे आणि घाईंत असलेले लोक असतात, व ती चालविण्याचें साधन म्हणजे काळ्या पडद्यावर लिहावयाची एक ओळ. त्या ओळींतील दोन-चार शब्दांत नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे. तो वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे. त्यासाठीं यंत्राचें ज्ञान फारसें लागत नाहीं. जमाखर्चाचें थोडें लागतें, व तें घर चालविणाऱ्या प्रत्येकास असतेंच.

प्रश्न अधांतरीं राहूं नये म्हणून तो एखाद्या गांवीं नेऊन बसविला पाहिजे. कर्जत तालुक्यांतील कडाव हें गांव आम्ही घेतों. कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या वाटेवरचें हें भातशेतीचें गांव तेथील बाल दिगंबर गणेशामुळें भाविकांस ठाऊक आहे. भोंवतालच्या मुलुखांत ठाकरांच्या व कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. समजा, अशा गांवीं एक लहानशी पतसंस्था आहे. (ही संस्था केवळ आमच्या कल्पनेंतील आहे, खऱ्या कोणत्याही संस्थेनें ती अंगावर ओढून घेऊं नये.) तिचीं खातीं संगणकांत आहेत. रोज रात्रीं दोन वाजतां संगणक आपण होऊन साऱ्या खात्यांची एक प्रत काढतो व ती दुसरीकडे ठेवतो. श्रावणांतल्या एका दुपारीं वीज जाते, येते, पुन्हा जाते. भिवपुरीचें वीजघर ह्याच तालुक्यांत १९२२ पासून उभें आहे, परंतु दिव्याखालीं अंधार ही म्हण उगीच पडलेली नाहीं. चार वाजतां खातीं उघडेनाशीं होतात. तंत्रज्ञास बोलावणें जातें. तो रात्रींची प्रत घेतो, एक ओळ लिहितो, आणि अर्ध्या तासांत संस्था पूर्ववत् होते. सर्व मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात.

पण त्याच दिवशीं सकाळीं अकरा वाजतां एका कातकरी बाईनें रानभाजी विकून आलेले साडेचारशें रुपये आपल्या खात्यांत भरलेले होते. आतां ते तेथें नाहींत. ते कोणीं काढले नाहींत, कोणीं चोरलेही नाहींत; ते कधीं भरलेच गेले नव्हते, असें संगणक शांतपणें सांगतो.

येथें नुकसान कोणाचें झालें? संस्थेचें नव्हे, सायंकाळीं पेटी मोजली तर उलट चार रुपये जास्तच निघतील. ज्यानें पावती जपून घडी घालून पाकिटांत ठेवली त्याचेंही नव्हे. तो उद्यां ती मेजावर आपटील. सकाळीं ज्यानें पैसे काढून नेले त्याचा तर फायदाच झाला, कारण हातांतही पैसे आणि खात्यांतही पैसे. नुकसान झालें तें जिचा सारा विश्वास संस्थेच्या वहीवर होता तिचें. 'तुमच्या वहींत लिहिलें ना, मग झालें' असें म्हणून जिनें कागद पदरास बांधला नाहीं तिचें. विश्वास जितका अधिक, तितका तोटा अधिक, असा हा विपरीत न्याय आहे. आणि तो कोणाच्याही दुष्टपणावांचून घडतो, म्हणूनच त्याचा विचार करणें अवश्य आहे.

आतां साधनांकडे वळूं. खात्यांच्या अशा संग्रहास डेटाबेस म्हणतात. त्याच्या प्रती काढण्यासाठीं जगभर जीं साधनें वापरांत आहेत त्यांपैकीं दोहोंचीं नांवें घेणें पुरे: एक 'मायएसक्यूएल-डंप', व दुसरें 'पीजी-डंप'. ह्या दुसऱ्याचा जोडीदार 'पीजी-रिस्टोअर'. पहिल्यानें काढावी व ह्यानें उतरवावी. साधनाच्या नांवापुढें दोन आडव्या रेघा ओढून एखादा ठराविक शब्द लिहिला कीं साधनाचें वर्तन बदलतें. चाकरास कामावर धाडतांना द्यावयाच्या ह्या ताकिदीच होत. कांहीं न सांगितलें तर चाकर आपल्या मूळ स्वभावानें वागतो. गंमत अशी कीं, ह्या दोन चाकरांचा मूळ स्वभाव एकमेकांच्या अगदीं उलट आहे. पहिला प्रत काढतांनाच प्रत्येक कोष्टकाच्या आरंभीं एक आज्ञा लिहून ठेवतो: ह्या नांवाचें कोष्टक तेथें आधींच असेल तर तें मोडून टाका, आणि मग हें मांडा. ती आज्ञा नको असेल तर 'स्किप-ॲड-ड्रॉप-टेबल' अशी लांबलचक ताकीद मुद्दाम द्यावी लागते. दुसरा सांगितल्यावांचून कांहीं मोडीत नाहीं. मोडून मांडावयाचें असेल तर 'क्लीन' हा शब्द आपण होऊन उच्चारावा लागतो. तो न उच्चारतां भरल्या घरांत प्रत उतरवूं गेलें तर तो तक्रारी करूं लागतो.

'क्लीन', म्हणजे स्वच्छ. विध्वंसास स्वच्छता म्हणण्याची ही रीत राजकारणांत जुनी आहे. ती यंत्रांतही आली तर नवल नव्हे. पण शब्दापेक्षां आम्हांस पहिल्या चाकराचा प्रकार अधिक विचारणीय वाटतो. मोडण्याची आज्ञा लिहिली जाते ती प्रत काढणाऱ्याच्या हातून. ती अमलांत येते उतरविणाऱ्याच्या हातून. आणि दोहोंमध्यें महिनेही लोटलेले असूं शकतात. मृत्युपत्र करणारा एक, तें बजावणारा दुसरा, तसेंच हें. अनर्थ झालाच तर उतरविणारा म्हणेल, 'मीं मोडा असें कोठेंच लिहिलें नाहीं'. काढणारा म्हणेल, 'मीं तर नुसती प्रत काढली.' दोघेही खरें बोलतात. मौन ही संमति, असें आपण मानीत आलों. पण येथें जें मौन आहे तें दोघांपैकीं कोणाचेंच नाहीं. साधन घडविणाऱ्यानें कित्येक वर्षांपूर्वीं त्यांच्या वतीनें संमति देऊन ठेवली, आणि तिचा त्यांस पत्ताही नाहीं.

जुन्याच्या जागीं नवें मांडण्याची गरज माणसास संगणकानें प्रथम शिकविली असें नाहीं. आपल्याकडे जमिनीच्या दप्तरांत ती रोजची आहे. गांव नमुना सात व बारा, म्हणजेच ज्यास सर्व महाराष्ट्र सातबारा म्हणतो तो उतारा, जमीन आज कोणाची व तींत काय पिकतें हें सांगतो; गांव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची वही, ती त्याची कशी झाली हें सांगते. बाप वारला, मुलांचीं नांवें लागलीं; तेव्हां जुन्या कारकुनानें बापाचें नांव खरवडून काढलें नाहीं. त्यानें त्यास कंस केला. कंसांतलें नांव वाचतां येतें. त्याचा अधिकार संपला, पण तो होता ही गोष्ट संपली नाहीं. शेजारीं फेरफाराचा क्रमांक लिहिला, म्हणजे ज्यास शंका येईल त्यानें वही उघडून पाहावें. शिवाय हा फेरफार एकट्यानें करावयाचा नसतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची; तिच्या १५० व्या कलमाप्रमाणें तलाठ्यानें (ज्यास आतां ग्राम महसूल अधिकारी हें नांव मिळालें आहे) नोंदीची प्रत चावडीवर लावावयाची, संबंधितांस कळवावयाचें, हरकतीस पंधरा दिवस द्यावयाचे, आणि मग वरच्या अधिकाऱ्यानें ती प्रमाणित करावयाची. ह्या पद्धतींत दिरंगाई आहे, हात ओले करण्यास वाव आहे, हें आम्हांस मान्य आहे. तरी 'क्लीन' ह्या एका शब्दाशेजारीं तो साधा कंस ठेवून पाहावा. दोन्ही नव्यास जागा करून देतात. पण एक जुन्यास आदरानें बाजूस करतो, दुसरा त्याचें अस्तित्वच पुसतो.

हिशेबी मंडळींस ह्यांत आणखी एक ओळखीची खूण पटेल. सातबारा ही खतावणी, फेरफार ही रोजकीर्द. खतावणी जळाली तरी रोजकीर्द शाबूत असली तर निष्णात मुनीम खतावणी पुन्हा बांधतो; उलट खतावणीवरून रोजकीर्द कधींच बांधतां येत नाहीं. डेटाबेसांतही अशी रोजकीर्द ठेवतां येते. प्रत्येक फेरबदल घडेल तसा तींत लिहिला जातो, आणि रात्रींच्या प्रतीवर ती रोजकीर्द चढविली तर बिघाडाच्या क्षणापर्यंत येऊन पोंचतां येतें. मायएसक्यूएलमध्यें 'स्टॉप-डेटटाइम' ही ताकीद देऊन 'अमुक वाजेपर्यंतचेंच चढवा' असें सांगतांही येतें. म्हणजे त्या बाईचे साडेचारशें रुपये वांचविण्याची विद्या उपलब्ध आहे. ती रोजकीर्द जपून ठेवण्यास जागा लागते, लक्ष लागतें व थोडा खर्च येतो, इतकेंच. मधला काळ गमावणें ही सृष्टीची आज्ञा नव्हे. तो किती गमवावयाचा हें कोणीतरी आधींच ठरविलेलें असतें. बहुधा तें ठरविणाऱ्याचा पैसा त्या मधल्या काळांत नसतो.

संगणकावरचे सातबारे हातच्या सातबाऱ्यांशीं जुळतात कीं नाहीं हें पाहण्यासाठीं सरकारनें २०१७ सालीं चावडीवाचन करविलें. गांव जमवून उतारे मोठ्यानें वाचावयाचे, व चूक असेल त्यानें तेथल्या तेथें सांगावयाचें. नवीन यंत्राची परीक्षा इतक्या जुन्या रीतीनें व्हावी ह्याचें कोणास हसूं येईल. आम्हांस त्यांत शहाणपण दिसतें. प्रत काढली ही एक गोष्ट, आणि ती उतरते कीं नाहीं, व उतरलेलें खरें आहे कीं नाहीं, ही निराळी. पुढें १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचे उतारे मिळूं लागले, आणि लोकांस कचेरीच्या खेपा कमी झाल्या हें उत्तमच झालें. पण सही ही उताऱ्याच्या अधिकाराची साक्ष. त्यांतील मजकुराच्या खरेपणाची साक्ष ज्यांचीं शेतें आहेत तेच देऊं शकतात. मजकुरांत लेखनाची चूक राहिलीच तर १५५ व्या कलमानें ती दुरुस्त करण्याची सोय आहे. मात्र चूक आहे हें कोणाच्या तरी ध्यानांत यावें लागतें.

दप्तरांत नांव नसणें म्हणजे काय, हें ह्या जिल्ह्यास शिकवावें लागत नाहीं. रायगडास कुलाबा म्हणत त्या काळीं येथें खोतांचा व सावकारांचा अंमल होता. १९४८ चा कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, आणि कसेल त्यास जमीन मिळावी अशी योजना झाली. तेव्हां पिढ्यान् पिढ्या कसूनही ज्यांचें नांव कुळ म्हणून कागदीं लागलें नव्हतें त्यांस आपण कसत होतों हें सिद्ध करीत कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले. त्यांचा घाम खोटा नव्हता. पण तो नोंदींत नव्हता. ज्यांस लिहितां येत होतें त्यांनीं कागद केले होते, इतकाच फरक. रात्रीं दोन ते दुपारीं चार ह्या खिंडींत सांपडलेली आमची कातकरी बाई त्याच जातीच्या संकटांत आहे. फरक काळाच्या लांबीचा.

उतरविण्याच्या साधनास आणखी एक ताकीद देतां येते, तिचाही विचार करण्याजोगा आहे. पीजी-रिस्टोअर वाटेंत चूक आढळली तर मूळ स्वभावानें थांबत नाहीं. ती सांगतो, पुढें चालतो, आणि शेवटीं इतक्या चुका झाल्या असा आंकडा देतो. 'एक्झिट-ऑन-एरर' म्हटलें तर तो पहिल्या चुकीस थांबतो. 'सिंगल-ट्रँझॅक्शन' म्हटलें तर सारें उतरेल किंवा कांहींच उतरणार नाहीं, अशी प्रतिज्ञा करतो. (हेंच नांव मायएसक्यूएल-डंपांत निराळ्या अर्थानें येतें, तेथें तें प्रत काढतांना एकाच क्षणाचें सुसंगत चित्र घेण्याविषयीं आहे. एकाच शब्दानें दोन चाकर दोन कामें समजतात. घरांत असें झालें तर काय होतें तें वाचक जाणतात.) प्रथमदर्शनीं वाटेल कीं सारें किंवा कांहींच नाहीं हाच धर्म्य मार्ग. पण ज्याच्या घरास आग लागली आहे त्यास 'सर्व सामान काढतां आलें तरच काढूं' हें म्हणणें परवडत नाहीं. कधीं अर्धें मिळणें हाच लाभ असतो. अट एवढीच कीं, अर्धें मिळालें असें स्पष्ट म्हटलें पाहिजे. शेवटचा तो चुकांचा आंकडा वर सरकून गेला, कोणीं वाचला नाहीं, आणि 'झालें पूर्ववत्' असें जाहीर झालें, तर तें असत्य होय. मग तें बोलण्यांत कोणाचा हेतु कितीही निर्मळ असो.

ह्या बाबतींत गिटलॅब ह्या परदेशी कंपनीचें उदाहरण सांगण्यासारखें आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीं तेथील एका थकलेल्या अभियंत्यानें दुय्यम यंत्र समजून मुख्य यंत्रावरचाच संग्रह पुसला. प्रती शोधूं लागले तेव्हां कळलें कीं, पीजी-डंपची रोजची प्रत निघतच नव्हती. संग्रह एका आवृत्तीचा व साधन जुन्या आवृत्तीचें, त्यामुळें तें काम सोडून देत होतें. चूक झाल्याचीं पत्रें निघत होतीं, पण तीं वाटेंतच नाकारलीं जात होतीं. सुदैवानें कोणीतरी दुसऱ्याच कामासाठीं सहा तासांपूर्वीं एक प्रत काढून ठेवली होती, ती उतरविली. सुमारें पांच हजार प्रकल्प, तितकेच अभिप्राय आणि सातशें नव्या सभासदांचीं नांवें गेलीं तीं गेलींच. निष्काळजीपणाबद्दल ती कंपनी दोषास पात्र होती ह्यांत वाद नाहीं. तथापि तिनें एक गोष्ट केली ती आम्हांस प्रशंसनीय वाटते: पुनःस्थापनेचें काम चालू असतांनाच तिनें तें साऱ्या जगास पाहूं दिलें, आणि किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंतचें काय गेलें हें आंकड्यांनिशीं सांगितलें. ज्यांचें गेलें त्यांस निदान आपलें गेलें एवढें तरी कळलें.

आपल्या वाङ्मयांत ह्याहून मोठी पुनःस्थापना होऊन गेली आहे. लीळाचरित्राची मूळ पोथी चौदाव्या शतकाच्या आरंभींच्या धामधुमींत नाहींशी झाली. महानुभाव शिष्यांनीं ती आठवणीवरून पुन्हा जुळविली. आठवणी कोठें कोठें जुळल्या नाहींत. त्यांनीं काय केलें? एकाची खरी धरून बाकीच्या पुसल्या नाहींत. निरनिराळे पाठ राहिले, आणि हिराइसेचा पाठ हिराइसेच्या नांवानें ओळखला गेला. संशोधकास ह्यामुळें त्रास होतो खरा. पण कोणाची साक्ष कोणती, हें सातशें वर्षांनंतरही सांगतां येतें. आमच्या साधनांत 'नो-ओनर' नांवाची एक ताकीद आहे. ती दिली तर उतरलेल्या वस्तूंची मालकी मूळ मालकाकडे न जातां उतरविणाऱ्याकडे जाते. एका यंत्रावरून दुसऱ्यावर जातांना तिची गरज पडते, हें आम्ही जाणतों. परंतु माणसांच्या व्यवहारांत हीच ताकीद कोणीं न देतांही पाळली जाते: ज्यानें मोडलेलें उभें केलें तो त्याचा धनी होऊन बसतो, आणि ज्यांच्या आठवणींवर तें उभें राहिलें त्यांचीं नांवें गळतात.

व्यवहारी वाचक एथवर वाचून अधीर झाला असेल. तो म्हणेल, दाराशीं पन्नास माणसें उभीं आहेत, खातीं बंद आहेत, कोणास दवाखान्यासाठीं पैसे हवे आहेत, अशा वेळीं तंत्रज्ञानें नीतिशास्त्र उघडून बसावें काय? हा आक्षेप खरा आहे व आम्ही तो टाळूं इच्छीत नाहीं. एका बाईच्या साडेचारशें रुपयांसाठीं पन्नासांचे व्यवहार रात्रभर अडविणें हाही अन्यायच होईल. तंत्रज्ञानें रात्रींची प्रत अवश्य उतरवावी, व लवकर उतरवावी. आमचें मागणें फार थोडें आहे. मोडका संग्रह त्यानें मोडूं नये. त्यास दुसरें नांव देऊन बाजूस ठेवावा, आणि प्रत निराळ्या नांवाच्या नव्या जागीं उतरवावी. हें करण्यास फार तर आणखी एक ओळ लागते. मोडक्यांतूनही पुढें निवांतपणें कांहीं वेंचतां येतें. पुसलेल्यांतून तें बहुधा येत नाहीं. हाच तो कारकुनाचा कंस. २१ जून २०१२ रोजीं मुंबईस मंत्रालयास आग लागून फायलींचे ढीग जळाले, तेव्हां त्या पुन्हा उभारण्यासाठीं इतर कचेऱ्यांतील प्रतींकडेच पाहावें लागलें. ज्या कागदाची दुसरी प्रत कोठेंच नव्हती त्याचें कोणीं काय करावें? तेथें अग्नीनें पर्याय ठेवला नव्हता. येथें पर्याय आहे, आणि तो एका शब्दाचा आहे.

दुसरें मागणें संस्थेच्या चिटणिसाकडे. त्यानें त्याच सायंकाळीं दारावर कागद लावावा: आज पहांटे दोनपासून दुपारीं चारपर्यंतचे व्यवहार वहींतून गेले आहेत, ज्यांनीं त्या वेळांत भरले किंवा काढले त्यांनीं येऊन सांगावें. कागद वाचतां येत नाहीं अशांसाठीं वाडीवर माणूस धाडून तो वाचून दाखवावा. त्यामुळें संस्थेची अब्रू जाईल असें पंचांस वाटेल. जाईलही थोडी.

आणि मग अवघड प्रसंग येईलच. तिसऱ्या दिवशीं बाई येऊन उभी राहील. तिच्याजवळ पावती नाहीं. पेटींत साडेचारशें रुपये जास्त निघालेले आहेत, म्हणजे तिचें म्हणणें खरें दिसतें. परंतु त्याच सकाळीं तितकेच भरल्याचें सांगणारा आणखी एक मनुष्य आदल्या दिवशीं येऊन गेला आहे, आणि पावती त्याच्याजवळही नाहीं. दोहोंपैकीं एक चुकतो आहे, किंवा खोटें बोलतो आहे. अथवा पेटींतून सुटे देतांना कोणाची तरी मोजदाद चुकली आहे. चिटणिसानें काय करावें? पुरावा नाहीं म्हणून दोघांस परत लावणें सोपें आहे, आणि कायद्यास बहुधा तें चालेलही. आमच्या मतें दोघांसही द्यावे. दिवसांतून एकदांच प्रत काढावयाची व रोजकीर्द ठेवावयाची नाहीं हें ठरविलें संस्थेनें. तें ठरवितांना ह्या दोघांस कोणीं विचारलें नव्हतें. कमी पडलेले साडेचारशें रुपये संस्थेच्या तोट्याच्या खात्यांत, बिघाड झाला त्याच दिवसाच्या तारखेनें, कारणासह लिहावेत.